मार्च १८४८ ची जर्मन मंत्रिमंडळं एवढ्या लवकर का गुंडाळली?

खाडीपट्टा (गुहागर):

नमस्कार मंडळी. भाची टीवायला आहे रत्नागिरीत, हिस्टरी घेतलंय, आणि तिच्या नोट्समध्ये एकच वाक्य आहे की १८४८ च्या मार्चमध्ये जर्मन संस्थानांत उदारमतवादी मंत्रिमंडळं आली आणि वर्ष-दीड वर्षात गेली. बस. पुढच्या ओळीत लगेच बिस्मार्क. तिनं मला विचारलं मामा ही माणसं निवडून आली होती का, आणि गेली कशी, कुणी हाकललं, आणि मी पडलो जुना बीकॉमवाला, फ्रँकफर्टची पार्लमेंट ऐकून माहितीय पण ही मंत्रिमंडळं म्हणजे तीच की वेगळी हेही मला धड सांगता येईना. नेटवर बघितलं तर सगळं इंग्रजी नाहीतर जर्मन, आणि इकडं पावसात रेंजचा आनंदीआनंद. इथं युरोपवाले दोन-तीन जाणकार आहेत म्हणून टाकतोय. आणखी एक, जरा बाळबोध वाटेल पण विचारतोच, ह्या लोकांनी सत्तेत असताना काही केलं का की नुसत्याच खुर्च्या उबवल्या? परीक्षेपुरतं नकोय, समजायला हवंय.

कातळावरचा (राजापूर):

आधी भाचीचा पहिला प्रश्न. नाही, निवडून कोणी आलं नव्हतं, राजांनीच नेमले, आणि सगळी मेख तिथंच आहे.

झालं असं की २४ फेब्रुवारी १८४८ ला पॅरिसमध्ये लुई फिलिप गादी सोडून पळाला. ही बातमी ऱ्हाईनपलीकडं पोचायला काय वेळ लागतो, २७ तारखेला मानहाइमला मोठी सभा झाली आणि तिथं मागण्या ठरल्या, छापखान्यावरची सेन्सॉरशिप उठवा, ज्युरीची कोर्टं द्या, लोकांना हत्यारं बाळगू द्या, आणि सगळ्या जर्मनीची मिळून एक पार्लमेंट करा. ह्याच मागण्या मग गावोगाव फिरल्या. तेव्हा जर्मनी नावाचा एक देश नव्हताच, अडतीस-एकोणचाळीस राज्यांचा संघ होता, त्यात प्रशिया आणि ऑस्ट्रिया हे दोन दांडगे, बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर, वुर्टेम्बर्ग मधले, आणि बाकी लहान लहान ड्यूक लोक. १८१९ च्या कार्ल्सबाड ठरावांपासून सगळीकडं पेपरवर सेन्सॉर आणि युनिव्हर्सिटीवर पाळत. आता पॅरिसचं बघून ह्या सगळ्या राजांना घाम फुटला आणि त्यांनी एक अगदी शहाणपणाची गोष्ट केली, जी माणसं इतकी वर्षं सभागृहात त्यांच्या विरोधात भाषणं ठोकत होती त्यांनाच बोलावून म्हणाले, या, तुम्हीच चालवा. ५ मार्चला डार्मश्टाटला हाइनरिश फॉन गागर्न. ९ मार्चला वुर्टेम्बर्गच्या राजधानीत, श्टुटगार्टला, फ्रीडरिश र्‍योमर. १६ मार्चला सॅक्सनीच्या ड्रेस्डेनला कार्ल ब्राउन. हॅनोव्हरला श्ट्युव्ह, कासेलला एबरहार्ड. बव्हेरियात तर लोला माँटेझ ह्या नाचणारीच्या नादानं आधीच बोंब झाली होती, तिथं २० मार्चला लुडविग राजा स्वतःच गादी सोडून मोकळा झाला. प्रशियाच्या बर्लिनमध्ये १८ मार्चला बॅरिकेड, गोळीबार, दोन-तीनशे माणूस मेलं, दुसऱ्या दिवशी लोकांनी ती प्रेतं राजवाड्याच्या चौकात आणली आणि फ्रीडरिश विल्हेल्म चौथा याला बाहेर येऊन त्यांच्यापुढं टोपी काढावी लागली. त्यानंतर २९ मार्चला तिथं कॅम्पहाउझेन मुख्यमंत्री.

फ्रँकफर्टची पार्लमेंट वेगळी. ती १८ मेला पाउल्सकिर्श चर्चमध्ये बसली आणि ती मात्र निवडून आलेली होती. गागर्न डार्मश्टाटची खुर्ची सोडून तिचा अध्यक्ष झाला, म्हणून लोकांचा घोळ होतो.

आता माणसं कोण होती ते बघा. कॅम्पहाउझेन कोलोनचा बँकर. त्याचा अर्थमंत्री हान्झेमान आखेनचा लोकरीचा व्यापारी. र्‍योमर वकील. श्ट्युव्ह ओस्नाब्र्युकचा महापौर, एबरहार्ड हानाउचा महापौर. ह्यांना क्रांती नको होती हो. ह्यांना राजाही हवा होता आणि घटनाही हवी होती, दोघांनी बसून समजुतीनं ठरवायचं. पण खजिना थोडाफार हातात आला तरी फौज आली नाही, शपथ राजाची, अधिकारी राजाचे, आणि बहुतेक सगळे जमीनदारांचे पोरगे. म्हणजे आपल्याकडं कसं, बागेची किल्ली गड्याकडं, हिशोब गड्याकडं, शिव्या खायला गडी, पण सातबारा मुंबईच्या काकांच्या नावावर. काका यायचे तेव्हा येणारच.

प्रशियात तर हे उघडउघड दिसतं. ३१ जुलैला श्वाइडनिट्स नावाच्या गावात सैनिकांनी गोळ्या झाडल्या, १४ माणसं मेली. बर्लिनच्या असेंब्लीनं (ही प्रशियाची स्वतःची निवडून आलेली सभा, फ्रँकफर्टची नव्हे) ठराव केला की ज्या अधिकाऱ्यांना नवी घटनात्मक व्यवस्था मान्य नसेल त्यांनी नोकरी सोडावी. काय मोठं मागितलं? पण मंत्रिमंडळाला तो हुकूम काही फौजेवर बजावता येईना, कारण फौज त्यांची नव्हतीच, आणि सप्टेंबरात त्याच भानगडीत सरकार गेलं. कॅम्पहाउझेन तर त्याआधी जूनमध्येच गेलेला, हे दुसरं मंत्रिमंडळ, आउअर्सवाल्ड आणि हान्झेमानचं. नोव्हेंबरात राजानं जनरल ब्रांडेनबुर्गला बसवलं, १० नोव्हेंबरला जनरल व्रांगेल फौज घेऊन बर्लिनमध्ये शिरला, ५ डिसेंबरला असेंब्ली बरखास्त. आणि त्याच दिवशी राजानं स्वतःच्या मर्जीनं एक घटना देऊन टाकली, म्हणजे पुन्हा वर म्हणायला मोकळा की बघा मी दिली.

बाकीचं रात्री लिहितो, लाईट जायच्या बेतात आहे.

बावचा_बाबू (मालवण):

कातळावरच्यानू, बरां लिवलास. पण माका एक सांगा, राजा एवढो घाबारलो होतो तर तेवाच ह्या मंत्र्यांनी फौज आपल्या हातात कित्याक घेवक नाय? संधी तीच होती ना. मार्चात नाय तर कधी?

सुरंगी (पेण):

बाबूदादांचा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर असं की त्यांना फौजेची स्वतःलाच गरज होती. राजाची जेवढी भीती होती त्याच्यापेक्षा जास्त भीती त्यांना खालच्या माणसाची होती. कातळावरचा दादा शहरांचं सांगतोय, मी शेतकऱ्यांचं सांगते, कारण माझ्या मते खरी गंमत तिथं आहे आणि पुस्तकात ती कधीच नसते.

मार्चच्या पहिल्याच आठवड्यात ओडेनवाल्ड, होहेनलोहे, बाडेनच्या डोंगराळ भागात शेतकरी उठले. त्यांना ना पेपरचं स्वातंत्र्य हवं होतं ना ज्युरी. ते सरळ जमीनदाराच्या कचेरीवर गेले, दप्तरं बाहेर काढली आणि अंगणात ढीग करून पेटवली. कुणी किती धान्य द्यायचं, कुणाची किती वेठ, लाकूडतोडीचा दंड किती, सगळं त्या वह्यांत. माणसाला हात लावायचा नाही, वही जाळायची. आपल्याकडं खोती ज्यांच्या घरानं भोगलीय त्यांना हे समजावून सांगायला नको. खोताची वही म्हणजे काय चीज होती, मक्ता किती, वेठीला किती दिवस, फणसाच्या झाडाचं काय, सगळं तो लिहील ते. माझे पणजोबा कुळातले, आमच्याकडं अजून म्हातारी माणसं खोताच्या पडवीत चपला काढून उभं राहायचं सांगतात. चरीचा संप १९३३ ते १९३९, सहा वर्षं शेतं ओस टाकली माणसांनी पण खोताला पेरून दिलं नाही, १९३७ ला आंबेडकरांनी मुंबईच्या कायदेमंडळात खोतीविरुद्ध बिल आणलं, आणि तरी खोती कायद्यानं जायला १९४९ उजाडलं.

आणि ह्या जर्मन मंत्र्यांनी काय केलं बघा. बाडेन, वुर्टेम्बर्ग, एकेका राज्यात एप्रिल १८४८ मध्येच कायदे करून हे जमीनदारी हक्क काढायला घेतले. एका महिन्यात! खाडीपट्टादादा, खुर्च्या उबवल्या का विचारत होतात ना, हे उत्तर. फुकट नाही, शेतकऱ्याला भरपाईचे हप्ते भरायला लावले आणि ते वर्षानुवर्षं चालले, पण वेठ गेली ती गेली. मंत्रिमंडळं पडल्यावरसुद्धा राजांना ती परत आणायची हिंमत झाली नाही.

पण त्याचा परिणाम काय झाला? शेतकऱ्याला हवं ते मिळालं, तो घरी गेला. पुढं मंत्र्यांना हाकलायची वेळ आली तेव्हा त्यांच्यासाठी गावातून एक माणूस आला नाही. चांगलं काम केलं आणि त्याच कामानं एकटे पडले. मला तरी ह्यात त्यांची कीव येते.

कातळावरचा (राजापूर):

लाईट आली. सुरंगीताईंचं पटलं. बाबूदादा, फौजेचं त्यांनी म्हटलं तेच, फक्त एक उदाहरण जोडतो म्हणजे चित्र डोळ्यापुढं येईल. त्या गागर्नचा सख्खा भाऊ फ्रीडरिश, तो जनरल. एप्रिलमध्ये बाडेनमध्ये हेकर नावाचा वकील, पक्का रिपब्लिकन, काही शे माणसं घेऊन निघाला, राजे नकोतच म्हणून. त्याला अडवायला कोण गेलं? उदारमतवादी सरकारांनी पाठवलेली फौज, आणि पुढं हाच गागर्नचा भाऊ. २० एप्रिलला कांडर्न गावाजवळ तो गोळी लागून मेला. हेकर हरला, पळाला, अमेरिकेत गेला, पुढं तिथल्या यादवी युद्धात लिंकनच्या बाजूनं कर्नल म्हणून लढला. म्हणजे मार्चमध्ये खांद्याला खांदा लावून उभी असलेली माणसं एप्रिलमध्ये एकमेकांवर गोळ्या झाडत होती. आता बाबूदादा तुम्हीच सांगा, असा मंत्री राजाच्या फौजेला हात लावील? त्याला ती फौज उद्या सकाळी हवीय.

नाखवा_७२ (दाभोळ):

एवढं कशाला, आपल्याकडचं बघा ना. त्याच १८४८ साली सातारा खालसा झालं. राजे सगळीकडं सारखेच, आणि त्यांचे कारभारी पण. इंग्रजांनी दिवाण नेमायचा तसंच हे. उगाच जर्मनीचं कौतुक.

कातळावरचा (राजापूर):

नाखवा, नाही हो, हे जुळत नाही. साताऱ्याला वारस नाही म्हणून डलहौसीनं राज्यच गिळलं, तिथं राजाचा निर्णय कसला? जर्मन राजे स्वतःच्या घरचे मालक होते, त्यांच्यावर रेसिडेंट बसलेला नव्हता. साल एक म्हणून गोष्ट एक होत नाही. त्या सालाचं काही जोडायचंच असेल तर हे जोडा की त्याच १८४८ ला लोकहितवादींची पत्रं मुंबईच्या प्रभाकर साप्ताहिकात यायला लागली, आणि प्रभाकर काढणारे भाऊ महाजन सुरंगीताईंच्या पेणचे. इकडंही माणसं कारभाराबद्दल बोलायला लागलीच होती, फक्त त्यांच्या हातात पेन होतं, खातं नव्हतं.

जुना_कंदील (सावंतवाडी):

उशिरा येतोय. दोन गोष्टी कोणी सांगितल्या नाहीत म्हणून.

पहिली र्‍योमरची. बऱ्यापैकी टिकला हा, आणि माझ्या मते सगळ्यांत वाईट अवस्था ह्याचीच झाली. फ्रँकफर्टच्या पार्लमेंटनं २८ मार्च १८४९ ला अख्ख्या जर्मनीची घटना तयार केली, २८ राज्यांनी मान्य केली, पण प्रशियाच्या राजाला बादशहाचा मुकुट देऊ केला तर त्यानं नाही म्हटलं, आणि बव्हेरिया, सॅक्सनी, हॅनोव्हर कोणीच मान्य करेना. वुर्टेम्बर्गचा राजा पण तयार नव्हता, त्याला र्‍योमरनं आणि सभागृहानं दाबून एप्रिलमध्ये मान्य करायला लावलं. इथपर्यंत शाबास. मग फ्रँकफर्टचे बहुतेक मेंबर घरी गेले, उरलेले शंभरेक डावे लोक जूनमध्ये श्टुटगार्टला आले, म्हणाले आम्हीच पार्लमेंट. र्‍योमर स्वतः त्या पार्लमेंटचा मेंबर! आणि त्याला कळून चुकलं की हे इथं बसले तर प्रशियाची फौज इथं येणार. १८ जूनला त्यानं सभेच्या जागेला कुलूप लावलं, आतली बाकं मोडून टाकली, आणि मेंबर लोक रांगेनं निघाले तेव्हा रस्त्यात घोडदळ आडवं घातलं. रांगेच्या पुढं उलांड हा म्हातारा कवी, साठी उलटलेला, ज्याच्या कविता तिथल्या शाळेतल्या पोरांना पाठ. घोडे त्यांच्या अंगावर घातले. कोणी मेलं नाही, पण पार्लमेंट संपली ती तिथंच, रस्त्यात. एवढी सेवा केल्यावर राजानं र्‍योमरला किती दिवस ठेवलं? ऑक्टोबरमध्ये काढला. चार महिने.

दुसरी कासेलची, आणि ही मला फार आवडते, कारण इथं मंत्री गेल्यावर खरी लढाई झाली. तिथला राजा, त्याला इलेक्टर म्हणत, त्यानं फेब्रुवारी १८५० मध्ये एबरहार्डला घालवून हासेनफ्लुग नावाचा कट्टर माणूस आणला. सभागृहानं कर मंजूर करायचे नाकारले. इलेक्टर म्हणाला मग मी मार्शल लॉ लावतो. तर कोर्टांनी सांगितलं हा हुकूम बेकायदा. कर गोळा करणारे कारकून म्हणाले आम्ही करणार नाही. आणि ऑक्टोबरमध्ये फौजेतल्या २७७ अधिकाऱ्यांपैकी २४१ जणांनी राजीनामे दिले, कारण त्यांची शपथ राजाबरोबर घटनेचीही होती. कातळावरचा म्हणतो फौज राजाची, अगदी खरं, पण ह्या एका लहानशा राज्यात ती नव्हती. मग काय, बाहेरून बव्हेरियाची आणि ऑस्ट्रियाची फौज आणली, आणि जे जज, जे कारकून ऐकत नव्हते त्यांच्या घरात सैनिक राहायला घातले. एकेका घरात ढीगभर सैनिक, त्यांचं खाणंपिणं घरमालकानं करायचं, जोपर्यंत तो सही करत नाही तोपर्यंत. विचार करा, कचेरीतला साधा हेडक्लार्क, बायकामुलं, आणि ओटीवर परमुलखातले शिपाई बूट पसरून. ह्या पायी प्रशिया आणि ऑस्ट्रियाचं युद्ध पेटायची वेळ आली होती, ब्रोंझेलला ८ नोव्हेंबर १८५० ला गोळ्या झडल्या, त्यात प्रशियाच्या बिगुलवाल्याचा पांढरा घोडा मेला, आणि महिना संपायच्या आत प्रशियानं ओल्म्युट्सला माघार घेतली. तो घोडा जर्मनीत अजून प्रसिद्ध आहे.

बावचा_बाबू (मालवण):

घोडो प्रसिद्ध, आणि त्या २४१ जणांची नावां कोणाक म्हायत? 😄 बरां झाला सांगितलास पण. म्हणजे फौज घटनेची शपथ घेता तेवा चित्र बदालता. माका उत्तर गावला.

सुरंगी (पेण):

कंदीलकाका, र्‍योमरच्या बाबतीत मी तुमच्याइतकी मऊ नाही. माणसानं आपल्याच सभेच्या दाराला कुलूप लावायचं आणि वर प्रशियाची फौज येईल म्हणून सांगायचं, हे कारण प्रत्येक वेळी सापडतं हो. बाजूच्या बाडेनमध्ये त्याच जूनमध्ये माणसं प्रशियाशी लढत होती, राश्टाटच्या किल्ल्यात २३ जुलैपर्यंत टिकली, आणि मग प्रशियानं त्यातल्या कित्येकांना गोळ्या घातल्या. वुर्टेम्बर्गची फौज त्यांच्या मदतीला गेली असती तर?

जुना_कंदील (सावंतवाडी):

गेली असती तर वुर्टेम्बर्गमध्येही राश्टाट झालं असतं, सुरंगी, मला एवढंच दिसतं. प्रशियाची फौज किती आणि ह्यांची किती. पण तुझा राग कळतो, उलांडलाही तो राग आयुष्यभर होता, १८५३ मध्ये प्रशियाच्या राजानं मोठा सन्मान देऊ केला तर त्यानं घेतला नाही.

आणि सगळेच र्‍योमरसारखे अडकले नाहीत, काही नुसते पलटले. प्फोर्टेन म्हणून एक प्रोफेसर, सॅक्सनीच्या मार्च मंत्रिमंडळात परराष्ट्रखातं बघत होता. एप्रिल १८४९ ला तोच बव्हेरियाचा परराष्ट्रमंत्री झाला आणि तिथं बसून त्यानं फ्रँकफर्टची घटना फेटाळली. सॅक्सनीत त्याच्या जुन्या सरकारनंतर मे १८४९ ला ड्रेस्डेनमध्ये बॅरिकेडं लागली, त्यात संगीतकार वाग्नर पण होता, ते बंड प्रशियाच्या मदतीनं मोडलं. हॅनोव्हरचा श्ट्युव्ह मात्र मला सरळ माणूस वाटतो. तिथला राजा अर्न्स्ट ऑगस्ट म्हणजे आपल्या व्हिक्टोरिया राणीचा सख्खा काका, १८३७ ला गादीवर आल्या आल्या घटना रद्द केलेला, निषेध केला म्हणून ग्योटिंगेनच्या सात प्रोफेसरांना काढलं होतं त्यानं, त्यात परीकथावाले दोघे ग्रिम बंधू. श्ट्युव्ह तेव्हापासून ह्या राजाशी भांडतोय, आणि १८४८ ला त्याच राजाला त्यालाच मंत्री करावं लागलं. १८५० च्या ऑक्टोबरपर्यंत टिकला, मग आपल्या गावी ओस्नाब्र्युकला गेला आणि पुन्हा महापौर झाला.

खाडीपट्टा (गुहागर):

बाप रे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. भाचीला फोनवर वाचून दाखवलं, ती त्या कारकुनांच्या घरातल्या सैनिकांवरच अडकलीय, दोनदा विचारलं खरंच का. तिचे दोन प्रश्न आहेत. एक, मूलभूत हक्क वगैरे जे फ्रँकफर्टनं दिले त्याचं पुढं काय झालं. आणि दोन, जरा व्यवहाराचा, दहा मार्कांना एकच राज्य घेऊन लिहायचं तर कोणतं घेऊ?

कातळावरचा (राजापूर):

हक्कांचा कायदा डिसेंबर १८४८ चा, आणि जर्मन राज्यांच्या जुन्या संघाची सभा पुन्हा जिवंत झाल्यावर तिनं ऑगस्ट १८५१ मध्ये तो रद्द केला. पण सुरंगीताईंनी सांगितलं तसं शेतकऱ्यांचं परत घेता आलं नाही, आणि ज्युरीची कोर्टं, उघडी सुनावणी हेही बऱ्याच राज्यांत राहिलं. हान्झेमानचंही बरं चाललं, १८५१ ला त्यानं बर्लिनला बँक काढली, ती पुढं जर्मनीतल्या मोठ्यांपैकी एक झाली. म्हणजे मंत्रिपद गेलं पण माणूस बुडाला नाही.

दहा मार्कांना प्रशिया सगळेच लिहितात, तिनं वुर्टेम्बर्ग घ्यावं. राजानं नेमणं, शेतकऱ्यांचा कायदा, फ्रँकफर्टची घटना राजाच्या गळी उतरवणं, मग १८ जून, सगळं एकाच माणसाच्या कारकिर्दीत येतं, वेगळी जुळवाजुळव करावी लागत नाही. फक्त तिला सांगा ऑक्टोबर १८४९ विसरू नकोस, बऱ्याच पोरांचं उत्तर घोडदळ आलं की तिथंच थांबतं.